जावा आणि जमाखर्च

‘उद्यापासून मी जावा शिकणार आहे,’ असं २००१ सालच्या एका रात्री मी जेवताना जाहीर केलं, तेव्हा आमच्या घरातल्या तीन माणसांनी त्याचे तीन अर्थ घेतले.

आई म्हणाली, ‘‘जावा काय शिकायच्या असतात? मी दोन जावांबरोबर बावीस वर्षं एका चुलीवर काढली. शिकून उपयोग नसतो. सोसायच्या असतात.’’

हिला वाटलं, कॉलेजात असताना मी मित्राची जी मोटारसायकल उडवत असे, ती आता विकत घेणार. ‘‘अहो, या वयात फटफटी? आधी कंबरेचा पट्टा तरी घरात बांधायचा सोडा,’’ असं तिनं भात वाढता वाढता सुनावलं.

आणि आमचे तीर्थरूप, म्हणजे अण्णा, यांनी ताकाची वाटी शांतपणे खाली ठेवली आणि विचारलं, ‘‘पगार तोच राहणार ना?’’

मी तिघांनाही समजावून सांगितलं की जावा ही कॉम्प्युटरची एक भाषा आहे. पण पुढं दोन वर्षांनी मागं वळून पाहताना वाटलं, तिघांचंही तसं काही चुकलं नव्हतं. जावा मी सोसली, तिनं माझी कंबर मोडली आणि पगार तोच राहिला.

मी मूळचा कोबोलवाला. कोबोल ही १९५९ साली जन्माला घातलेली भाषा, म्हणजे माझ्याहून एका वर्षानं थोरली. तिची वाक्यं अगदी तर्खडकरी वळणाची. व्याज मुद्दलात मिळव. पूर्णविराम. खातं बंद असेल तर पुढे जा. पूर्णविराम. शाळेत शुद्धलेखनाला दहापैकी नऊ मिळवणाऱ्या मुलाला आणखी काय हवं? सतरा वर्षं मी पूर्णविराम देत बसलो आणि संसार चालवला. त्यात शेवटी दोन हजार सालाची भानगड उपटली. जुन्या प्रोग्रामांत वर्षाचे दोनच आकडे ठेवलेले; १९९९ नंतर शून्य शून्य आलं की यंत्राला ते १९०० वाटणार. त्या दोन आकड्यांवर आमच्या अख्ख्या पिढीनं कोथरूडला फ्लॅट घेतले. पण १ जानेवारी २००० उजाडली आणि काहीच झालं नाही. काही झालं नाही याचा अर्थ आम्ही काम चोख केलं होतं असा होतो. लोकांनी मात्र मुळात काही कामच नव्हतं असा घेतला. वर्षभरात आमच्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. साहेबांचं वय सत्तावीस. खुर्चीवर मागे रेलून ते म्हणाले, ‘‘कोबोल आता संपलं बरं का. एकतर जावा शिका, नाहीतर…’’ पुढचं वाक्य त्यांनी पूर्णविराम न देता सोडून दिलं. कोबोलवाल्याला याहून भयंकर काही नसतं.

आता या जावेची कुळकथा. ती १९९५ साली अमेरिकेत सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत जगापुढं आली. जेम्स गॉसलिंग हे तिचे जनक. त्यांच्या कचेरीबाहेर ओकचं झाड होतं, म्हणून आधी तिचं नाव ओक. पण ते नाव दुसऱ्या कोणी आधीच लावलेलं निघालं, म्हणून मग कॉफीवरून जावा. (आमच्याकडे हा प्रकार घडता तर खिडकीबाहेरच्या झाडावरून भाषेचं नाव ‘शेवगा’ पडलं असतं आणि आम्ही ‘सिनियर शेवगा डेव्हलपर’ म्हणून मिरवलो असतो.) मुळात ती काढली घरगुती उपकरणांसाठी, टीव्हीच्या डब्यासाठी वगैरे. तिथं कोणी विचारलं नाही, मग ती इंटरनेटवर गेली. आणि १९९९ च्या डिसेंबरात मोठमोठ्या बँका, विमा कंपन्या यांचे व्यवहार सांभाळण्यासाठी तिची एक भारदस्त आवृत्ती निघाली, तिचं नाव जे टू ई ई. कॉलेजात गाणारी चुणचुणीत पोरगी लग्न होऊन एकदम मोठ्या वाड्याची सूनबाई व्हावी, तसं झालं. डोक्यावर पदर, कमरेला किल्ल्या, आणि साधं पाणी द्यायचं तरी चार दालनं ओलांडून यायचं.

ही दालनं म्हणजे काय, ते मी अण्णांना लग्नघराच्या भाषेत सांगितलं होतं. तुम्हालाही तसंच सांगतो. बाहेर मांडवात पंगत बसली आहे, ती म्हणजे गिऱ्हाईक आणि त्याच्या समोरचा पडदा. मागं मुदपाकखाना आहे, तिथं सगळा स्वयंपाक होतो. त्याला म्हणतात ॲप्लिकेशन सर्व्हर. आणि त्याच्याही मागं कोठीची खोली, जिथं शिधासामग्री मोजून ठेवलेली असते, तो डेटाबेस. पंगतीतल्या माणसानं उठून कोठीत जायचं नाही. कोठीवाल्यानं पंगतीत यायचं नाही. जे काही व्हायचं ते मुदपाकखान्यातून. कोठीच्या किल्ल्या पाचच, आचारी मात्र पन्नास. म्हणून ज्याचं काम झालं त्यानं किल्ली लगेच खुंटीला परत लावायची. एकानं जरी किल्ली कनवटीला लावून डुलकी काढली, की हळूहळू सगळी पंगत ताटकळते आणि बाहेर व्याही मिशा चावू लागतात. माझ्या पहिल्याच प्रोग्राममध्ये पाचही किल्ल्या अशा कनवटीला गेल्या होत्या.

मुदपाकखान्यात जे आचारी असतात त्यांना बीन म्हणतात. बीन म्हणजे कॉफीची बी. पूर्ण नाव एंटरप्राइझ जावाबीन, आणि ती ज्यात राहते त्याला म्हणतात कंटेनर, म्हणजे डबा. डब्यात बिया ठेवायच्या, एवढंच ऐकून आई म्हणाली होती, ‘‘कडुलिंबाचा पाला घाल, पोरकिडे होत नाहीत.’’ हा सल्ला मी मानला नाही. पुढं जे किडे झाले, ते पाहता मानायला हवा होता.

एक बी तयार करणं म्हणजे रेशनकार्डात नाव वाढवण्यासारखं. कागद पुरे पडत नाहीत. पहिला कागद, ही बी जन्माला कशी घालायची. याचं नाव होम इंटरफेस. दुसरा, ती बाहेरच्यांसाठी काय काय करील याची जंत्री; रिमोट इंटरफेस. तिसरा, ती हे सगळं प्रत्यक्षात करते कशी. आणि चौथी तिची पत्रिका, एक्सएमएल नावाच्या लिपीत, ज्यात तिचं गोत्र, नाडी, गण आणि व्यवहारात तिनं कोणाशी कसं वागायचं ते लिहायचं. ज्या कंपनीचा डबा घेतला असेल ती आपली आणखी एक पत्रिका वेगळी मागते. शिवाय काही कलमं अशी की आत काही नाही, पण लिहिलीच पाहिजेत. बी झोपली तर काय करायचं? काही नाही. जागी झाली तर? काही नाही. पूजेत दागिन्यांच्या जागी अक्षता वाहतात ना, तसं नुसतं महिरपी कंस उघडायचा आणि मिटायचा. असा अक्षता वाहण्यात माझा निम्मा दिवस जाई. ‘नमस्कार’ हा एक शब्द पडद्यावर उमटवायला मला पाच फायली आणि तीन दिवस लागले. कोबोलमध्ये त्याला एक ओळ लागते. आणि पूर्णविराम.

मग हे सगळं बांधून पाठवायचं. बियांची गाठोडी ती जार, पडद्यांची गाठोडी ती वॉर, आणि दोन्ही एकत्र बांधून जे मोठं गाठोडं होतं ते इअर. म्हणजे बरणी आणि युद्ध कानात कोंबायचं. मी यातलं काहीही रचून सांगत नाही.

शिकवायला आमची टीमलीड होती. वय तेवीस. ती मला पहिल्या दिवशी ‘सर’ म्हणाली, दुसऱ्या दिवशी माझा प्रोग्राम बघितला आणि तिसऱ्या दिवसापासून ‘काका’ म्हणू लागली. ‘‘अहो काका, तुमचा होम इंटरफेस चुकलाय,’’ असं ती चारचौघांत म्हणायची. घरी आल्यावर मी हे हिला सांगितलं, तर ही म्हणाली, ‘‘मी वीस वर्षं दुसरं काय सांगतेय?’’

शिकण्यासाठी त्या काळी सनवाल्यांनीच एक नमुना दिलेला होता, पाळीव प्राण्यांचं दुकान. जगभरचे जावावाले ते दुकान मांडून शिकले. मासे, कुत्री, मांजरं, पक्षी आणि सरपटणारे प्राणी. मी एक्केचाळिसाव्या वर्षी रात्री अकरा वाजता पडद्यावर पोपट विकत होतो. पोपट गेला की साठ्यातून एक वजा होतो का, हे बघत होतो. मुलगा मागून येऊन विचारायचा, ‘‘बाबा, आज किती गेले?’’ त्या दुकानावरून पुढं मायक्रोसॉफ्टनं तेच दुकान आपल्या पद्धतीनं फार कमी ओळींत बांधून दाखवलं, आणि दोन्ही बाजूंची जी भांडणं जुंपली ती तुळशीबागेतल्या दोन दुकानदारांना शोभतील अशी होती.

जावेतली एक गोष्ट मात्र मला मनापासून आवडली. तिथं कचरा आपण उचलायचा नसतो. वापरून झालेल्या वस्तू तशाच टाकायच्या. गार्बेज कलेक्टर नावाचा कचरेवाला येऊन घेऊन जातो. तो कधी येईल ते सांगता येत नाही, आणि तो आला की तेवढा वेळ बाकीची सगळी कामं थबकतात. आमच्या गल्लीत घंटागाडी आल्यावर नेमकं हेच होतं, त्यामुळं हा भाग मला न शिकवताच समजला.

आता मुख्य गोष्ट. २००२ साली आमच्या कंपनीला एका नागरी सहकारी बँकेचं काम मिळालं. सगळ्या शाखांचे हिशेब एका मोठ्या सर्व्हरवर आणायचे. बचत खात्यांवरच्या व्याजाचा भाग माझ्याकडं आला. साहेबांना वाटलं, याच्या घरात बँक आहे, याला कळेल.

घरात बँक होती हे खरं. अण्णा चौतीस वर्षं एका बँकेत लेजरवर बसले आणि १९८७ साली निवृत्त झाले. कॉम्प्युटरशी त्यांचं नातं जुनं आणि सैद्धांतिक होतं. १९८४ साली डॉ. सी. रंगराजन यांच्या समितीनं बँकांत यंत्रं आणायची योजना मांडली, तेव्हा अण्णा युनियनच्या मोर्चात फलक घेऊन चालले होते. त्याच वर्षी मी कॉम्प्युटरच्या नोकरीला लागलो. फलकावरची अक्षरं मीच रंगवून दिली होती, कारण घरात माझंच अक्षर बरं. त्यानंतर मी नक्की काय करतो हे त्यांनी सतरा-अठरा वर्षांत एकदाही विचारलं नाही. कोणी चौकशी केली तर ‘‘बसलेला असतो यंत्रापुढं’’ एवढंच सांगत. माझ्या पगारातून घर चालत होतं आणि त्यांच्या चेहऱ्यावरून ते मोर्चातून अजून परतलेले नव्हते.

व्याजाच्या कामानं ते प्रथमच माझ्याशी धंद्याचं बोलले. त्या काळी बचत खात्यावर रोजच्या शिलकेवर व्याज नसे. महिन्याची दहा तारीख ते महिनाअखेर, या दिवसांत खात्यात जी कमीत कमी शिल्लक असेल तिच्यावर त्या महिन्याचं व्याज. रोजच्या शिलकेवर व्याज देणं १ एप्रिल २०१० पासून सुरू झालं. त्यामुळं पेन्शनर मंडळी नऊ-दहा तारखेला बँकेत पैसे भरायला रांग लावीत, आणि अकराव्या दिवशी शंभर रुपये काढण्यापेक्षा शेजाऱ्याकडून उसने घेत. अण्णांनी मला हे तासभर समजावलं. मधेच थांबून म्हणाले, ‘‘तुझं यंत्र दहा तारखेचा दिवस धरतं की नाही?’’ मी म्हटलं, ‘‘धरतं.’’ ‘‘बँक बंद झाल्यानंतरची शिल्लक की उघडतानाची?’’ मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन गुपचूप ते दुरुस्त केलं.

पण व्याजाची आकडेमोड हा सोपा भाग. अवघड असतो तो व्यवहार. या विद्येचा सगळा प्राण या एका शब्दात आहे. एका खात्यातून पैसे निघाले आणि दुसऱ्यात पोचायच्या आत यंत्र बंद पडलं, तर? म्हणून नियम असा, की एक तर सगळं होईल, नाहीतर काहीच झालेलं नसेल. मधली अवस्था नाही. आणि दोन वेगवेगळ्या ठिकाणच्या वह्या एकदम बदलायच्या असतील, तर दोन पायऱ्यांत. आधी दोघांना विचारायचं, ‘तयार आहात?’ दोघं हो म्हणाले की मग जाहीर करायचं, ‘झालं!’ म्हणजे भटजींनी अंतरपाट धरायचा, दोन्ही पक्षांकडून होकार घ्यायचा आणि मगच शुभमंगल. यात मेख एकच. दोघं तयार म्हणाले आणि तेवढ्यात भटजींनाच घेरी आली, तर? वधूवरांना परत जाता येत नाही आणि पुढंही सरकता येत नाही. हार हातात धरून ताटकळत उभे. संगणकशास्त्रात याच्यावर जाडजूड ग्रंथ आहेत. आमच्याकडं मामा लोक पाणी मारून भटजींना उठवतात.

तर प्रत्येक बीच्या पत्रिकेत लिहावं लागायचं, की व्यवहाराच्या बाबतीत हिची वागणूक काय. त्याला सहा शब्द ठरलेले. त्यातले दोनच सांगतो. ‘रिक्वायर्ड’ म्हणजे आधीच कुणाचा व्यवहार चालू असेल तर ही त्यात सामील होते. बुडाले तर सगळे, तरले तर सगळे. आणि ‘रिक्वायर्स न्यू’ म्हणजे घरात काही का चाललेलं असेना, मी माझी वेगळी चूल मांडणार. हा दुसरा शब्दही लागतो बरं का. उदाहरणार्थ, ‘अमुक काम अमुक वेळी सुरू केलं’ अशी नोंद करणारी जी बी असते तिची चूल वेगळीच हवी. काम फसलं तरी नोंद राहिली पाहिजे. चोरी झाली म्हणून चौकीतली डायरी पुसून चालत नाही.

सप्टेंबरअखेरची तारीख ठरली. एका शाखेची सहा हजारांवर बचत खाती. यंत्रानं सहा महिन्यांचं व्याज लावायचं, शाखेतल्या मंडळींनीही त्यांच्या जुन्या पद्धतीनं लावायचं, आणि दोन्ही बेरजा ताडून बघायच्या. बँकेचे एक संचालक म्हणाले, ‘‘अहो, ऐन पितृपंधरवडा आहे. नवीन काही सुरू करू नये.’’ आमचे सत्तावीस वर्षांचे साहेब हसले. मीही हसलो. मला तसं हसायचं काही कारण नव्हतं.

३० सप्टेंबरच्या रात्री अकराला व्याज सुरू केलं. खाती भराभरा सरकत होती. लीड वडापाव खात होती. पावणेबाराच्या सुमारास पडद्यावर अक्षरांचा पूर लोटला. जावा जेव्हा रुसते तेव्हा एक वाक्य बोलत नाही. कोणी कोणाला सांगितलं, त्याला कोणी सांगितलं होतं, असा थेट मूळ पुरुषापर्यंत वंशवृक्ष वाचून दाखवते. सार एवढंच होतं की यंत्राची मेमरी भरली. कचरेवाला आला होता, पण त्याला उचलण्यासारखं काही सापडलं नाही, कारण सहा हजार खाती आम्ही हातात घट्ट धरून बसलो होतो.

‘‘काही हरकत नाही,’’ मी म्हणालो, आणि त्या वाक्याचा मला पुढं फार पश्चात्ताप झाला. ‘‘सगळं होईल, नाहीतर काहीच नाही. सगळं झालं नाही. म्हणजे काहीच झालं नाही. मेमरी वाढवू आणि पुन्हा पहिल्यापासून.’’ पुन्हा चालवलं. रात्री दीडला काम पुरं झालं. आम्ही एकमेकांना टाळ्या दिल्या.

सकाळी शाखेतून फोन. बेरजेत फरक, ३,१७,४२५ रुपये. यंत्राचं व्याज जास्त.

तो दिवस कसा गेला ते सांगत नाही. साहेबांनी डबेवाल्या कंपनीला दोष दिला, डबेवाल्या कंपनीनं डेटाबेसवाल्यांना, डेटाबेसवाल्यांनी आम्हाला. संध्याकाळपर्यंत शोध लीडपर्यंत आला होता, कारण तपासणीच्या कागदावर तिची सही होती. तेवीस वर्षांची पोर, डोळे भरून आलेले, पण ‘‘मी बघते काका,’’ म्हणत होती. बँकेनं सांगितलं होतं, उद्या दुपारपर्यंत कारण कळलं नाही तर काम थांबवू. काम थांबलं तर आधी कोणाला नारळ मिळणार, हे मला न सांगता कळत होतं. कोबोलला आता कोणी घेत नव्हतं, आणि जावेत मी पोपट विकण्यापुरता.

रात्री नऊला घरी आलो. जेवण गेलं नाही. कागद पसरून बसलो तसे अण्णा उठून आले, चष्मा लावला आणि म्हणाले, ‘‘फरक किती?’’

मी आकडा सांगितला. त्यांनी पंचांगाच्या मागच्या पानावर शिसपेन्सिलीनं तो लिहिला आणि अंकांची बेरीज केली. बावीस. ‘‘नऊनं भाग जात नाही. म्हणजे आकड्यांची अदलाबदल नाही.’’ मी बघतच राहिलो. ‘‘अरे, सत्तावीसच्या जागी कोणी बहात्तर लिहिले तर फरक पंचेचाळीस येतो. असे कुठलेही दोन अंक उलटले की फरकाला नऊनं भाग जातोच. बरं, विषम आकडा आहे, दोननं भाग जात नाही. म्हणजे जमेची एखादी रक्कम खर्चाच्या बाजूला गेली, असंही नाही.’’ मग पेन्सिल कानावर ठेवून त्यांनी डोळे मिटले. चौतीस वर्षांतल्या सगळ्या मार्चअखेरी त्यांच्या डोळ्यांपुढून गेल्या असाव्यात. आणि त्यांनी विचारलं,

‘‘काम चालू असताना मधे उठला होतात का?’’

‘‘म्हणजे?’’

‘‘म्हणजे चहाला, लघवीला, दिवे गेले म्हणून. मधेच उठून परत बसलात की नाही?’’

मी म्हटलं, ‘‘यंत्र बंद पडलं होतं एकदा. पण त्याचं काही नाही अण्णा. ते झालेलं सगळं पुसून टाकतं.’’

‘‘पुसलं का, बघितलंस?’’

मी बघितलं नव्हतं.

‘‘आमच्याकडं नवीन पोरं हेच करायची,’’ अण्णा म्हणाले. ‘‘मधे उठायची, आणि परत आल्यावर पहिल्या पानापासून पुन्हा व्याज मांडायची. म्हणून मांडलेल्या रकमेपुढं टिक करायची असते. टिक नसेल तिथून पुढं.’’

मी चपला घातल्या आणि रात्री साडेदहाला रिक्षा करून ऑफिसात गेलो. पहिलं खातं उघडलं, व्याज दोनदा. दुसरं, दोनदा. अठ्ठाविसशेच्या पुढं कुठंतरी एकदम एकदा. मग पत्रिका काढली. व्याज जमा करणाऱ्या बीच्या पत्रिकेत शब्द होता ‘रिक्वायर्स न्यू’. ही पत्रिका कोरी लिहायचा कंटाळा म्हणून मी नोंदवहीच्या बीची पत्रिका उतरवून घेतली होती. नाव बदललं होतं, तेवढा शब्द राहिला होता. प्रत्येक खातं स्वतःची वेगळी चूल मांडून मोकळं होत होतं. मुख्य व्यवहार बुडाला तेव्हा त्याच्याकडं परत घेण्यासारखं काही उरलंच नव्हतं. एक शब्द. प्रोग्राममध्ये असता तर तपासताना दिसला असता. पत्रिका कोण वाचतो? मंगळ निघाल्याशिवाय कोणीच नाही.

सकाळी साहेबांकडं गेलो आणि म्हटलं, शब्द माझा आहे, तिचा नाही. साहेब बराच वेळ गप्प होते. मला वाटलं, आता पूर्णविराम. पण ते म्हणाले, ‘‘सापडला कसा?’’ मी सांगितलं, वडिलांनी सापडवला. ‘‘ते जावा करतात?’’ साहेबांनी विचारलं. मी म्हटलं, ‘‘नाही, मोर्चे करायचे.’’

शाखेच्या हेडक्लार्कना मी कारण समजावून सांगितलं. त्यांना ते दोन वाक्यांत कळलं. आमच्या साहेबांना चित्रं काढून सांगावं लागलं होतं. त्यांच्या आग्रहावरून आम्ही प्रत्येक खात्यापुढं टिक करायची सोय केली, आणि त्या टिकेला टीमलीडनं एक लांबलचक इंग्रजी नाव दिलं. आईला प्रकार कळल्यावर तिचं म्हणणं एवढंच, ‘‘वेगळी चूल मांडली की असंच होतं. मी तुझ्या धाकट्या काकूला तेव्हाच सांगितलं होतं.’’

त्या बियांचं पुढं फारसं चांगलं झालं नाही. एवढे कागद आणि एवढ्या अक्षता कशाला, असं जगभर लोक बोलू लागले. रॉड जॉन्सन नावाच्या गृहस्थांनी २००२ सालीच ग्रंथ लिहून हे सांगितलं होतं; त्यातून निघालेली स्प्रिंग नावाची सुटसुटीत पद्धत २००४ साली बाजारात आली आणि मंडळी तिकडं धावली. २००६ साली बियांनीही सोवळं सोडलं. पत्रिका ऐच्छिक झाली, अक्षता बंद. म्हणजे मी एवढं पाठ केलं आणि मग परीक्षेतून तो धडा वगळला. २०१० साली सन कंपनीच ओरॅकलनं घेतली. पुढं ओरॅकलनं ही भारदस्त जावा एक्लिप्स फाउंडेशन या संस्थेच्या ओटीत घातली, आणि नावाचे हक्क न दिल्यामुळं २०१८ साली तिचं नाव बदलून जकार्ता ठेवलं. जावा बेटावरचं शहर जकार्ता, म्हणजे माहेर सोडून फार लांब गेली नाही. कोबोल मात्र साहेब संपलं म्हणाले होते त्याला दोन तपं होऊन गेली, तरी बँकांच्या तळघरांत पूर्णविराम देत बसलेलीच आहे.

बँकेचं काम २००३ च्या एप्रिलमध्ये खऱ्या अर्थानं सुरू झालं. दहा एप्रिलला सकाळी अण्णा धोतर-कोट घालून, छत्री घेऊन बाहेर पडले ते थेट त्या बँकेच्या आमच्या भागातल्या शाखेत गेले आणि दोन हजार रुपये भरून खातं उघडून आले. घरात कोणाला बोलले नाहीत. मे महिन्यात पाच तारखेला त्यांनी शंभर रुपये काढले आणि नऊला परत भरले. जूनमध्ये दहा तारखेला शंभर काढले आणि अकराला परत भरले. हे असं का, ते मला पासबुक बघितल्यावर उमगलं. मेच्या व्याजात फरक पडता कामा नये आणि जूनच्या व्याजात शंभराचा पडलाच पाहिजे. आमच्या कंपनीत या कामासाठी अकरा माणसं होती आणि त्यांच्यापैकी एकालाही ही युक्ती सुचली नव्हती.

ऑक्टोबरात ते पासबुक भरून घेऊन आले. दुपारभर खिडकीत बसून त्यांनी कागदावर सहा महिन्यांचं व्याज मांडलं. रक्कम म्हणाल तर दोन वेळच्या भाजीची. मी दाराआडून बघत होतो; चाळिशी उलटलेला माणूस, पण दहावीच्या निकालाला उभा होतो तसा उभा. त्यांनी आपला आकडा बघितला, पासबुकातला बघितला. कानावरची पेन्सिल काढली आणि पासबुकातल्या व्याजापुढं बारीकशी टिक केली.

मग मला हाक मारून पासबुक माझ्या हातात दिलं.

‘‘आकडे बरोबर आहेत,’’ ते म्हणाले. ‘‘पण छपाई रेघेवर येत नाही, खाली घसरते. ते तेवढं बघ.’’